जॉर्जियाचे व्हिन्स डूली : प्रशिक्षकच स्वतःचा वरिष्ठ होतो तेव्हा

अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठाचा फुटबॉल संघ 1980 च्या हंगामात बाराही सामने जिंकून राष्ट्रीय विजेता ठरला. (फुटबॉल म्हणजे अर्थातच अमेरिकन फुटबॉल.) प्रशिक्षक होते व्हिन्स डूली. या प्रशिक्षकाचं काम कसं चाललंय हे तपासणारा, त्याच्या खर्चाला मान्यता देणारा आणि वेळ आली तर त्याला घरी पाठवणारा अधिकारी म्हणजे विद्यापीठाचा क्रीडासंचालक. तेही व्हिन्स डूलीच होते. 1979 पासून 1988 चा हंगाम संपेपर्यंत दोन्ही पदं एकाच माणसाकडे होती. त्यानंतर त्यांनी मैदानावरचं काम सोडलं आणि 2004 पर्यंत ते फक्त संचालक राहिले.

चांगला प्रशिक्षक चांगला संचालक होतो का, हा प्रश्न आपल्याकडच्या अकादम्या, क्लब आणि महाविद्यालयांनाही पडतो. डूलींची चाळीस वर्षं त्यासाठी मुद्दाम बारकाईने पाहण्यासारखी आहेत, कारण त्यांत मोठं यश आणि मोठी चूक शेजारीशेजारी सापडतात. माझं मत आधीच मांडतो. डूली संचालक म्हणून मोठे झाले ते ज्या ज्या वेळी ते स्वतःच्या खेळापलीकडे पाहू शकले त्या त्या वेळी. आणि त्यांच्या कारकिर्दीवरचा सर्वांत गडद डाग दोन खुर्च्या एकत्र असल्याच्या काळातला आहे. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही.

हे पद नेमकं काय असतं

महाराष्ट्रातल्या महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक असतो. जिमखाना सांभाळणं, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांना संघ पाठवणं, खेळाडूंच्या हजेरीसाठी प्राध्यापकांकडे शब्द टाकणं आणि तुटपुंज्या निधीत किट बसवणं हे त्याचं काम. जॉर्जियासारख्या विद्यापीठातलं चित्र इतकं वेगळं आहे की तुलना थोडीच पुढे जाते. तिथे खेळांचा कारभार ‘युनिव्हर्सिटी ऑफ जॉर्जिया अॅथलेटिक असोसिएशन’ ही स्वतंत्र संस्था पाहते. तिचा अध्यक्ष विद्यापीठाचाच अध्यक्ष असतो, पण हिशेब वेगळा. तिकिटं, देणग्या आणि टीव्हीचे हक्क यांतून पैसा येतो आणि त्याचा फार मोठा वाटा एकटा फुटबॉल कमावतो. जिम्नॅस्टिक्स, टेनिस, पोहणं, गोल्फ हे सगळे खेळ त्यावर जगतात. कमावत्या थोरल्या भावाच्या पगारावर चालणारं एकत्र कुटुंब डोळ्यांसमोर आणा. संचालक म्हणजे त्या घराचा कर्ता. तो कर्ता स्वतःच थोरला भाऊ असेल तर काय होतं, हा या प्रकरणाचा गाभा.

ऑबर्नचा तरुण

डूलींचा जन्म 1932 चा, अलाबामातल्या मोबील शहरातला. ऑबर्न विद्यापीठात ते क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची चढाई चालवणारा खेळाडू, म्हणून खेळले, मरीन दलात राहून आले आणि ऑबर्नमध्येच शग जॉर्डन यांच्या हाताखाली सहायक प्रशिक्षक झाले. तिथे असतानाच त्यांनी इतिहासात पदव्युत्तर पदवी घेतली. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते. हा माणूस खेळात होता, पण त्याची जिज्ञासा खेळापुरती नव्हती.

जॉर्जियात त्या वेळी फारच वाईट दिवस होते. वॉली बट्स यांनी 1939 ते 1960 प्रशिक्षकपद सांभाळलं होतं आणि संचालकपदही त्यांच्याकडेच होतं, म्हणजे जोडपदाची प्रथा डूलींच्या आधीची. बट्स 1963 मध्ये संचालकपदावरून गेले. त्याच वर्षी एका मोठ्या साप्ताहिकाने त्यांच्यावर अलाबामाच्या प्रशिक्षकाशी संगनमत करून सामना ठरवल्याचा आरोप छापला. बट्स कोर्टात गेले आणि 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही जिंकले. अब्रुनुकसानीच्या अमेरिकन कायद्यात तो निकाल आजही शिकवला जातो.

नवे संचालक जोएल ईव्ह्ज हे ऑबर्नचे बास्केटबॉल प्रशिक्षक. त्यांनी 31 वर्षांच्या डूलींना बोलावलं, ज्यांनी कुठल्याही महाविद्यालयाचा मुख्य संघ तोवर सांभाळला नव्हता. लोक चकित झाले, नाराजही झाले. पहिल्याच सामन्यात अलाबामाने 31–3 असा धुव्वा उडवला. ईव्ह्ज शांत राहिले. पुढच्याच वर्षी जॉर्जियाने अलाबामाला 18–17 असं हरवलं. माझ्या मते डूलींच्या संचालकपदाचा पहिला धडा इथे आहे. एका खेळाचा माणूस दुसऱ्या खेळाचा माणूस निवडतो, टीका अंगावर घेतो आणि त्याला वेळ देतो. डूलींनी तो धडा स्वतःच्या कारकिर्दीत कधी पाळला, कधी फार जास्त पाळला.

प्रशिक्षक म्हणून त्यांनी काय मिळवलं ते थोडक्यात सांगतो, कारण ते सर्वत्र सापडतं. 25 हंगाम, 201 विजय, 77 पराभव, 10 बरोबरी. साउथईस्टर्न कॉन्फरन्सची, म्हणजे आग्नेय अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या साखळीची, सहा विजेतेपदं. 1980 चं राष्ट्रीय विजेतेपद, ज्यात राइट्सव्हिलसारख्या छोट्या गावातून आलेला हर्शल वॉकर पहिल्याच वर्षी देशभर गाजला. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला पहिले पाच कृष्णवर्णीय शिष्यवृत्तीधारक खेळाडू त्यांच्याच संघात आले. हे उशिरा झालं, कॉन्फरन्समधले इतर काही संघ त्याआधीच बदलले होते.

दोन खुर्च्या, एक माणूस

ईव्ह्ज निवृत्त झाल्यावर 1979 मध्ये संचालकपद डूलींकडे आलं. त्याच वर्षी अँडी लँडर्स यांना महिला बास्केटबॉलचे पहिले पूर्णवेळ प्रशिक्षक म्हणून नेमण्यात आलं. 1972 च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी केली होती. खेळांना तो कसा लागू होणार याबद्दल देशभरातले फुटबॉल प्रशिक्षक धास्तावलेले होते. मुलींना समान शिष्यवृत्त्या द्यायच्या तर आमच्या संघाला कात्री लागणार, असं ते उघड म्हणत. अशा वातावरणात फुटबॉलचा प्रशिक्षक संचालक होतो आणि महिला बास्केटबॉलला स्वतंत्र प्रशिक्षक मिळतो. लँडर्स पुढे 36 वर्षं तिथे राहिले. त्यांच्या संघाने 1983 आणि 1985 मध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम चारांत धडक मारली. त्याच संघात टेरेसा एडवर्ड्स घडली, जी पाच ऑलिंपिक खेळली आणि 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये सर्व खेळाडूंच्या वतीने शपथ घेण्याचा मान तिला मिळाला.

1981 मध्ये सॅनफर्ड स्टेडियमचं पूर्वेकडचं टोक बंदिस्त करून आसनसंख्या 82 हजारांवर नेली गेली. त्याआधी त्या बाजूच्या रेल्वेरुळांवर बसून लोक फुकटात सामना पाहत. तो जमाव एका झटक्यात इतिहासजमा झाला. विद्यार्थी आणि गावकरी हळहळले, पण तिजोरीला बळ आलं.

टीव्हीचा खटला या सर्वांपेक्षा दूरगामी ठरला. 1950 च्या दशकापासून कुठला सामना टीव्हीवर दाखवायचा हे एनसीएए ही महाविद्यालयीन खेळांची राष्ट्रीय संस्था ठरवत असे. घरबसल्या सामना दिसला तर मैदानं ओस पडतील, ही मूळ भीती. मोठ्या फुटबॉल विद्यापीठांना हे जाचू लागलं. त्यांनी ‘कॉलेज फुटबॉल असोसिएशन’ स्थापन केली आणि एनबीसी या टीव्ही कंपनीशी वेगळा करार करायला निघाली. जॉर्जियाचे अध्यक्ष फ्रेड डेव्हिसन या हालचालींत आघाडीवर होते. एनसीएएने कारवाईची धमकी देताच 1981 मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाचं मंडळ आणि जॉर्जियाची अॅथलेटिक असोसिएशन, म्हणजे डूली ज्या संस्थेचे संचालक ती, कोर्टात गेली. 27 जून 1984 ला सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी एनसीएएची मक्तेदारी मोडली. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट स्वतः महाविद्यालयीन फुटबॉलचे नामवंत खेळाडू होते.

विजय लगेच गोड लागला नाही. एकदम इतके सामने बाजारात आले की पहिल्या हंगामात दर कोसळले. पण दिशा ठरली. पुढे कॉन्फरन्सेस आपापले करार करू लागल्या, त्यांचा विस्तार झाला, 1996 पासून साउथईस्टर्न कॉन्फरन्सचे सामने सीबीएसवर गेले आणि पैशाचा ओघ सुरू झाला. खेळाडूंना मात्र त्यातलं काही मिळालं नाही. त्याच निकालातली हौशी खेळाबद्दलची काही वाक्यं पुढे कित्येक वर्षं खेळाडूंना पैसे नाकारण्यासाठी आधार म्हणून वापरली गेली. 2021 च्या अल्स्टन निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो आधार काढून घेतला. संस्था म्हणून जॉर्जियाची बाजू योग्य होती असं मी मानतो. पण ज्यांच्या अंगमेहनतीवर हा बाजार उभा राहिला त्यांची बाजू त्या खटल्यात कुणीच मांडत नव्हतं, हे विसरता येत नाही.

जॅन केम्प

जॅन केम्प जॉर्जिया विद्यापीठात इंग्रजी शिकवत. कच्च्या विद्यार्थ्यांसाठी ‘डेव्हलपमेंटल स्टडीज’ नावाचा पूरक अभ्यासक्रम होता आणि त्यातल्या इंग्रजी विभागाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. 1981 च्या शेवटी नऊ फुटबॉल खेळाडू त्या वर्गात अपुरे ठरले. नियमाप्रमाणे त्यांना पुढे जाता येत नव्हतं. वरून आदेश आला आणि ते नियमित अभ्यासक्रमात गेले. 1 जानेवारी 1982 ला पिट्सबर्गविरुद्ध ‘शुगर बाउल’ हा हंगामाअखेरचा मानाचा सामना होता. केम्प यांनी आक्षेप घेतला. 1982 मध्ये त्यांना पदावरून खाली आणलं गेलं, 1983 मध्ये नोकरीवरून काढण्यात आलं.

त्यांनी दोन वरिष्ठ शैक्षणिक अधिकाऱ्यांवर खटला भरला. 1986 च्या सुरुवातीला अटलांटाच्या फेडरल कोर्टात जे बाहेर आलं त्याने देश हादरला. विद्यापीठाच्या बाजूच्या वकिलाने ज्युरीसमोर असा युक्तिवाद केला की या मुलाला पदवीधर नाही करता आलं तरी लिहा-वाचायला शिकवलं तर खेळ संपल्यावर तो कचरा उचलण्याऐवजी पोस्टात काम करू शकेल. हे बचाव म्हणून मांडलं गेलं! चार वर्षं ज्या मुलांच्या जिवावर ऐंशी हजारांचं स्टेडियम भरत होतं त्यांच्याबद्दल संस्थेची अपेक्षा एवढीच होती. ज्युरीने केम्प यांना 25 लाख डॉलरहून अधिक भरपाई दिली. नंतर ती साधारण 10 लाख 80 हजारांवर आली आणि केम्प यांना नोकरीत परत घेतलं गेलं. अध्यक्ष डेव्हिसन यांनी राजीनामा दिला.

डूली या खटल्यात प्रतिवादी नव्हते. मुलांना पुढे ढकलण्याचा आदेश शैक्षणिक अधिकाऱ्यांचा होता. त्यामुळे कायद्याच्या नजरेत त्यांच्यावर ठपका नाही, आणि मीही ठेवत नाही. पण रचनेकडे पाहा. प्रशिक्षकाला अमुक खेळाडू हवा असतो, यात गैर काही नाही. त्याची नोकरीच ती आहे. तो खेळाडू वर्गात टिकणारा आहे का, त्याला आपण खरंच काही शिकवतो आहोत का, हे विचारण्याचं काम संचालकाचं. 1981 मध्ये जॉर्जियात हा प्रश्न ज्याने विचारायचा आणि ज्याला विचारायचा ते एकच गृहस्थ होते. राष्ट्रीय विजेतेपद नुकतंच मिळालेलं, सगळं राज्य पायाशी, आणि क्रीडाविभागात ‘नाही’ म्हणू शकणारं कुणी उरलेलं नाही. मग ते ‘नाही’ इंग्रजीच्या एका शिक्षिकेला म्हणावं लागलं आणि तिची नोकरी गेली.

निकालानंतर नियम कडक झाले. डूलींनी 1988 मध्ये स्वतःच्या देणगीने विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी निधी उभारायला घेतला. काहींना त्यात प्रतिमा सावरण्याचा प्रयत्न दिसतो. मला तसं वाटत नाही. इतिहासाचा अभ्यासक असलेला हा माणूस ग्रंथालयासाठी झटतो यात नवल नाही. केम्प यांच्यावर जो अन्याय झाला तो मात्र त्या निधीने पुसला जात नाही.

मैदान सोडल्यावर

1988 चा हंगाम संपता संपता डूलींनी प्रशिक्षकपद सोडत असल्याचं जाहीर केलं. 1 जानेवारी 1989 ला गेटर बाउलमध्ये मिशिगन स्टेटवर 34–27 असा विजय मिळाला, तो त्यांचा 201 वा. वय 56. राजकारणात जाण्याचा विचार त्यांच्या डोक्यात होता, पण ते संचालकच राहिले.

त्यांची पहिली मोठी कसोटी म्हणजे स्वतःचा वारस निवडणं, आणि ती त्यांना नीट जमली नाही. बाहेरचे पर्याय जुळले नाहीत. अखेर रे गॉफ यांची नेमणूक झाली. वय 33, डूलींच्याच 1976 च्या विजेत्या संघाचे क्वार्टरबॅक, मुख्य प्रशिक्षकपदाचा अनुभव शून्य. ईव्ह्ज यांनी 1963 मध्ये डूलींवर जी पैज लावली होती तीच डूलींनी गॉफवर लावली. फरक असा की गॉफना काम करायचं होतं 201 विजय मिळवलेल्या माणसाच्या नजरेखाली. सात हंगामांत 46 विजय, 34 पराभव, एक बरोबरी. 1995 च्या शेवटी आपल्याच शिष्याला काढण्याची वेळ डूलींवर आली. मग कॅन्ससचे ग्लेन मेसन यांनी होकार दिला आणि आठवडाभरात, नाताळच्या दिवशी, तो मागे घेतला. शेवटी मार्शल विद्यापीठाचे जिम डॉनन आले. फुटबॉलचा इतका मोठा जाणकार फुटबॉलच्याच नेमणुकीत अडखळला. जवळच्या माणसांबद्दलची माया त्याला कारण होती, असं मी म्हणेन.

आणि ज्या खेळांबद्दल त्यांना स्वतःला फारसं कळत नव्हतं तिथे त्यांची निवड आणि त्यांचा संयम अफाट ठरला. सुझॅन योकुलन यांच्या जिम्नॅस्टिक्स संघाने डूलींच्या कारकिर्दीत पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली आणि त्या मुलींना पाहायला बास्केटबॉलच्या मैदानात हजारोंची गर्दी होऊ लागली. जॅक बाउर्ली यांच्या महिला जलतरणपटूंनी 1999, 2000 आणि 2001 अशी सलग तीन विजेतेपदं जिंकली. 1998–99 या एकाच शैक्षणिक वर्षात जिम्नॅस्टिक्स, महिला जलतरण, पुरुष टेनिस आणि पुरुष गोल्फ असे चार राष्ट्रीय करंडक अथेन्समध्ये, म्हणजे जॉर्जिया विद्यापीठाच्या गावात, आले. महिलांसाठी सॉकर आणि सॉफ्टबॉल हे नवे संघ उभे राहिले. हे सोपं नव्हतं. त्या दशकात एका फुटबॉल संघाला 85 शिष्यवृत्त्या देता येत आणि त्या तोडीचा महिलांचा एकही संघ कुठेच नव्हता. समतोल साधायचा तर अनेक लहान संघ उभे करून ते फुटबॉलच्या पैशावर पोसावे लागत. त्या पैशाचं मोल फुटबॉल प्रशिक्षकाइतकं कुणाला ठाऊक असणार? तरीही त्यांनी तो वाटला. मला त्यांच्या आयुष्यातलं हे काम 1980 च्या विजेतेपदापेक्षा मोठं वाटतं.

1996 ची एक गोष्ट त्यांच्या स्वभावाची आहे. अटलांटा ऑलिंपिकच्या सॉकरचे अंतिम सामने सॅनफर्ड स्टेडियमवर ठरले. सॉकरचं मैदान रुंद, आणि आड येत होतं 1929 पासून मैदानाभोवती असलेलं प्रिव्हेटचं कुंपण, जॉर्जियाच्या चाहत्यांचं श्रद्धास्थान. ते उपटावं लागणार म्हणताच गहजब झाला. त्या झाडांची कलमं आधीच घेऊन रोपं वाढवली गेली आणि ऑलिंपिकनंतर तीच लावली गेली. महिला सॉकरच्या पहिल्यावहिल्या ऑलिंपिक अंतिम सामन्यात अमेरिकेने चीनला 2–1 ने हरवलं, 76 हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर. डूली तोवर बागकामात इतके रमले होते की विद्यापीठातल्या वनस्पतींच्या वर्गांना जाऊन बसत.

शेवटची वर्षं

1997 मध्ये मायकेल अॅडम्स विद्यापीठाचे अध्यक्ष झाले आणि सत्तेचा तोल बदलला. 2000 च्या अखेरीस डॉननना ठेवावं असं डूलींचं मत होतं. अॅडम्स यांनी त्यांना काढलं. पुढे आलेले मार्क रिक्ट यशस्वी ठरले, हे अॅडम्स यांच्या बाजूने सांगायला हवं. बास्केटबॉलमध्ये उलट घडलं. 1999 मध्ये आलेल्या जिम हॅरिक यांना अॅडम्स पूर्वीपासून ओळखत होते. 2003 मध्ये उघड झालं की हॅरिक यांच्या सहायक प्रशिक्षक मुलाने खेळाडूंना घेतलेल्या एका वर्गाच्या परीक्षेत तीन गुणांच्या बास्केटला किती गुण मिळतात, असे प्रश्न होते आणि सगळ्यांना ‘ए’ श्रेणी मिळाली होती. मार्चमध्ये संघाला हंगामअखेरच्या स्पर्धांतून मागे घेण्यात आलं आणि हॅरिक गेले. या वेळी, केम्प प्रकरणाच्या वीस वर्षांनंतर, संचालकाने स्वतःच्या विभागाचा चालू हंगाम थांबवण्याच्या निर्णयात उभं राहून वाईटपणा घेतला. दोन प्रसंगांतला हा फरक मला फार बोलका वाटतो. 2003 मध्ये डूली कुठल्याच संघाचे प्रशिक्षक नव्हते.

त्याच उन्हाळ्यात डूलींनी मुदतवाढ मागितली आणि अॅडम्स यांनी ती नाकारली. देणगीदार चिडले, चाहत्यांनी सह्यांची मोहीम काढली, विद्यापीठाच्या प्रतिष्ठानाने अध्यक्षांच्या खर्चाची तपासणी करवली आणि वाद राज्यभर पेटला. अॅडम्स टिकले. डूली 30 जून 2004 ला निवृत्त झाले. पंचवीस वर्षं हे पद सांभाळणाऱ्या माणसाला निरोप अधिक सन्मानाने देता आला असता. पण अध्यक्षाला आपला संचालक निवडण्याचा अधिकार नसावा, असंही म्हणता येणार नाही.

त्यांच्या जागी डेमन इव्हान्स आले, जॉर्जियाचेच माजी खेळाडू आणि साउथईस्टर्न कॉन्फरन्समधले पहिले कृष्णवर्णीय क्रीडासंचालक. डूली नंतर केनेसॉ स्टेट विद्यापीठाला फुटबॉल संघ सुरू करण्यासाठी सल्ला देत राहिले; तो संघ 2015 मध्ये मैदानात उतरला. 2019 मध्ये सॅनफर्ड स्टेडियमच्या मैदानाला डूलींचं नाव देण्यात आलं आणि ऑक्टोबर 2022 मध्ये, नव्वदाव्या वर्षी, ते गेले. इव्हान्स यांच्यानंतर ग्रेग मॅकगॅरिटी आणि मग जॉश ब्रुक्स संचालक झाले. या तिघांपैकी कुणीही जॉर्जियाच्या फुटबॉल संघाचा मुख्य प्रशिक्षक नव्हता, आणि 1988 नंतर तिथे ही दोन पदं पुन्हा एका माणसाकडे गेलेली नाहीत.